उलटतपास नसलेली साक्ष

मनोरुग्ण माणूस न्यायालयात साक्ष देऊ शकत नाही, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो खरा नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम ११८ चे स्पष्टीकरण सांगते की अशी व्यक्ती केवळ मनोरुग्ण आहे म्हणून अपात्र ठरत नाही. विचारलेला प्रश्न समजणे आणि त्याचे सुसंगत उत्तर देणे आजारामुळे तिला अशक्य झाले असेल, तरच ती अपात्र. आता त्या कायद्याची जागा २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, परंतु तत्त्व तेच राहिले आहे, आणि आम्हा जुन्या वकिलांच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक येतात. भयकथेविषयी लिहिताना मी या कलमापासून सुरुवात करते आहे, कारण माझ्या मते भयकथेतील एका मोठ्या परंपरेचा पाया नेमका या स्पष्टीकरणात आहे.

दिवसभर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात साक्षी ऐकायच्या आणि रात्री भयकथा घेऊन बसायचे, हा माझा बऱ्याच वर्षांचा क्रम आहे. सहकारी थट्टा करतात. मला मात्र त्या दोन्ही गोष्टींत फारसा फरक वाटत नाही. दोन्हीकडे एक माणूस समोर उभा राहून ‘मी पाहिले’ असे सांगत असतो, आणि आपण त्या वेळी तेथे नव्हतो. फरक एवढाच की न्यायालयात साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूचा सरतपास संपला की मी उठते आणि उलटतपासाचे प्रश्न विचारते. कथेत मला उठता येत नाही.

अशा कथा सांगणाऱ्याला समीक्षेत ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणतात. ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ साली रूढ केली. निवेदकाचे बोलणे आणि वागणे कलाकृतीच्या अभिप्रेत मूल्यांशी जुळत नसेल तर तो अविश्वसनीय, अशी बूथ यांची कसोटी होती. सामाजिक कादंबरीला ती पुरेशी आहे. ढोंगी माणसाचे आत्मकथन तिच्या आधारे सहज ओळखता येते. भयकथेत मात्र प्रश्न मूल्यांपेक्षा अगोदरचा असतो, तो म्हणजे घडले काय. खिडकीबाहेर कोणी उभे होते की नव्हते? तेथे खोटारडा निवेदक मुळीच भीतिदायक नसतो. खोटे बोलणाऱ्याला हेतू असतो, आणि हेतू सापडला की माणूस उलगडतो. भीती वाटते ती कलम ११८ च्या कसोटीला उतरणाऱ्या निवेदकाची: ज्याला प्रश्न समजतात, जो मुद्देसूद उत्तरे देतो, ज्याची तर्काची साखळी कोठेही तुटत नाही आणि तरीही ज्याच्या साक्षीवर आपण घराचा दरवाजादेखील उघडणार नाही.

एडगर ॲलन पो यांची १८४३ मधील ‘द टेल-टेल हार्ट’ ही कथा घ्या. तिचा निवेदक पहिल्याच परिच्छेदात एका आरोपाला उत्तर देत असतो. आपण वेडे असल्याचे कोण म्हणाले, न्यायाधीश, डॉक्टर की तुरुंगातील सोबती, हे कथेत कोठेही येत नाही. स्वतःचे शहाणपण सिद्ध करण्यासाठी तो पुरावा म्हणून मांडतो ती आपली पद्धतशीर वागणूक: सलग सात रात्री, मध्यरात्री, म्हाताऱ्याच्या खोलीचे दार किती हळू उघडले, कंदिलाची झडप किती बारीक सरकवली. युक्तिवाद निर्दोष आहे, फक्त तो खुनाच्या तयारीचा आहे. पुढे आठव्या रात्री त्याला एक आवाज ऐकू येतो, कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा, आणि खुनानंतर पोलीस समोर बसलेले असताना तोच आवाज पुन्हा येतो, त्याच उपमेसह. साक्षीदाराने तेच शब्द दोनदा जसेच्या तसे उच्चारले की वकिलाच्या मनात पहिली शंका येते ती पढवलेल्या साक्षीची. येथे पढवणारा कोण, याचे उत्तर वाचकाच्या मनात हळूहळू तयार होते: पहिल्यांदा ऐकलेला आवाज तरी म्हाताऱ्याच्या छातीतला होता की सांगणाऱ्याच्या? पोलीस गप्पा मारत राहतात. त्यांना काही ऐकू आले की नाही हे आपल्याला कळते तेही त्याच्याच तोंडून, आणि त्याचे म्हणणे असे की ते ऐकून न ऐकल्याचे सोंग करीत होते. (जाता जाता: आपल्याकडे हा कबुलीजबाब पोलिसांसमोरचा म्हणून जुन्या कलम २५ खाली शाबीत करता आला नसता. जमिनीच्या फळ्यांखाली प्रेत सापडले एवढा भाग, ताब्यातील आरोपीच्या सांगण्यावरून काही सापडले तर तेवढे सांगणे ग्राह्य धरणाऱ्या कलम २७ च्या आधारे, पुढे आला असता, आणि त्या क्षणी हा गृहस्थ पोलिसांच्या ताब्यात होता काय, या मुद्द्यावर बचाव पक्ष तासभर बोलला असता.)

एका बाबतीत खोटा ठरलेला साक्षीदार सर्वच बाबतींत खोटा मानावा, असे एक जुने लॅटिन वचन आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे की भारतात हा कायद्याचा नियम नाही. न्यायाधीशाने साक्ष पाखडावी, दाणे ठेवावेत, फोलपट टाकावे. खरे आणि खोटे एकमेकांत इतके मिसळलेले असेल की वेगळे करताच येत नाही, तेव्हाच संपूर्ण साक्ष बाजूला सारावी. न्यायाधीशाकडे हा शेवटचा मार्ग असतो. वाचकाकडे तो नसतो. निवेदकाची साक्ष बाजूला सारली तर हातात काहीच उरत नाही, कथाच नाहीशी होते. म्हणून जी साक्ष कोणतेही न्यायालय दहा मिनिटांत फेटाळेल, ती वाचक शेवटच्या पानापर्यंत जवळ बाळगतो.

या अवस्थेचा सर्वांत कसून वापर हेन्री जेम्स यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मध्ये केला आहे. ब्लाय नावाच्या एकाकी वाड्यात माइल्स आणि फ्लोरा या दोन अनाथ मुलांना सांभाळण्यासाठी एक तरुण शिक्षिका येते. मुलांच्या काकांची एकच अट असते: कसलीही तक्रार किंवा विचारणा घेऊन आपल्याकडे यायचे नाही, पत्रसुद्धा लिहायचे नाही. वकिलाच्या भाषेत सांगायचे तर अपिलाचा मार्ग पहिल्याच दिवशी बंद केला आहे. त्यातच ही हकिकत आपल्यापर्यंत येते ती शिक्षिकेच्या हस्तलिखितातून. ते तिने डग्लस नावाच्या माणसाकडे दिले, डग्लसने मरणापूर्वी एका मित्राच्या स्वाधीन केले आणि आपण वाचतो ती त्या मित्राने केलेली नक्कल. मूळ साक्षीदार मृत, तिच्या चारित्र्याची ग्वाही देणारा मृत. इतकी सही-शिक्क्याची तयारी करून जेम्स जो दस्तऐवज आपल्या हाती देतात, त्यातील एकाही महत्त्वाच्या वाक्याची पडताळणी करण्याची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९३४ मध्ये असे प्रतिपादन केले की वाड्यात भुते नाहीतच. जे आहे ते शिक्षिकेच्या दडपलेल्या मनाचे खेळ आहेत. त्यावर भुतांच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत बळकट पुरावा ओळख पटण्याचा आहे. आधी मनोऱ्यावर आणि नंतर खिडकीशी दिसलेल्या अनोळखी पुरुषाचे वर्णन ती घरकाम पाहणाऱ्या मिसेस ग्रोसना देते: डोक्यावर हॅट नाही, लालभडक कुरळे केस, लांबट फिकट चेहरा, अंगावर कोणा दुसऱ्याचे कपडे. ग्रोस तत्काळ सांगतात, हा तर पीटर क्विंट, मालकांचा नोकर, आणि तो मेला आहे. ज्याचे नावही ऐकले नाही त्याचे इतके अचूक वर्णन तिने कसे केले? मी हा प्रसंग ओळख परेडच्या साक्षीसारखा, ओळीओळीने वाचला आहे, आणि माझे मत असे की तो दिसतो तितका भक्कम नाही. सूचक प्रश्न ग्रोसच विचारत जातात. तो सभ्य गृहस्थ होता का, दिसायला देखणा होता का, हे त्यांच्याच तोंडी येते. त्याआधीच एका संभाषणात, तरुण आणि सुंदर स्त्रिया आवडणाऱ्या कोणा पुरुषाचा उल्लेख त्यांच्या तोंडून निसटलेला असतो आणि लगेच सावरून घेतलेला असतो. तरीही लाल केस कोठून आले, हे मला सांगता येत नाही. तेथे विल्सन यांचा खटला अडखळतो.

उलट बाजूला तळ्याचा प्रसंग आहे. शिक्षिका तळ्यापलीकडे मृत मिस जेसेल उभी असल्याचे बोटाने दाखवते. शेजारी उभ्या ग्रोसना काही दिसत नाही, आणि फ्लोरा रडत सांगते की आपण कोणालाही पाहिलेले नाही, कधीच नाही. दिवसाउजेडी, मोकळ्या जागेत, तीन साक्षीदार आणि त्यांतील दोघे विरुद्ध. हिवाळ्यात रंकाळ्यावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना ठाऊक आहे की धुके असताना पलीकडे शालिनी पॅलेसच्या बाजूला उभा असलेला माणूस आहे की खांब, हे ठरवणे कठीण असते. परंतु जेम्स धुके आणत नाहीत. मोकळ्या उजेडातही साक्षी जुळत नाहीत, हेच त्यांना हवे आहे. आणि अखेरीस शिक्षिकेच्या मिठीत असताना माइल्स ‘पीटर क्विंट — सैताना!’ असे ओरडतो व मरतो. सैतान म्हटले ते कोणाला, खिडकीबाहेरच्याला की मिठी मारणारीला, यावर सव्वाशे वर्षे वाद चालू आहे. ज्या श्रोत्यांना ही गोष्ट शेकोटीपाशी वाचून दाखवली जात होती, त्यांच्याकडे जेम्स परत जातच नाहीत. कोणी निकाल देत नाही.

रंकाळ्याकाठच्या नंदीची आख्यायिका कोल्हापुरात प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते: तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, ज्या दिवशी तो पाण्याला टेकेल त्या दिवशी जगबुडी. या कादंबरिकेच्या प्रत्येक वाचनात माझा निकाल असाच एक गहू पुढे आणि एक तांदूळ मागे जात आला आहे, आणि कोणत्या बाजूला तळे आहे, याचीही आता खात्री राहिलेली नाही.

आपल्या मराठी भुतांच्या गोतावळ्यात मुंजा आहे, हडळ आहे, खवीस आहे, ब्रह्मसमंध आहे. या सर्वांना रूप आहे, राहण्याची जागा आहे आणि उतारेही आहेत. एकटा चकवा वेगळा. गगनबावडा, राधानगरी, भुदरगडाकडचे जुने लोक चकवा लागल्याची हकिकत सांगतात तेव्हा त्यात दिसलेले असे काहीच नसते. रोजची पायवाट असते, माणूस रात्रभर चालत राहतो आणि पुन्हा त्याच झाडाशी येऊन पोहोचतो. सांगणारा बहुधा एकटाच असतो, आणि त्याची स्वतःच्या दिशाज्ञानाबद्दलची खात्री शेवटपर्यंत ढळलेली नसते. वाटच चुकीची होती, तो नव्हे. मानसिक भयकथेचा अस्सल देशी पूर्वज मला येथे दिसतो. मात्र आपल्या लिखित भयकथेने बराच काळ दुसरी वाट धरली. नारायण धारपांच्या कथा मी शाळेपासून वाचत आले आणि त्यांचे ऋण मोठे आहे, पण त्यांच्या जगात अमानवी शक्ती बहुधा खरीच असते. निवेदकाला सुरुवातीला कोणी खरे मानत नाही आणि शेवटी तोच खरा ठरतो. त्यांच्या कथांतील समर्थांसारखा अधिकारी पुरुष येतो, पाहतो आणि निदान करतो. तेथे दुष्ट शक्ती कितीही भयंकर असली तरी एक विश्वासार्ह माणूस शिल्लक असतो, आणि वाचक त्याच्या आधाराने झोपू शकतो.

हा आधार कसा काढून घ्यावा, याचा जवळजवळ प्रात्यक्षिक धडा मोपासाँ यांनी घालून दिला आहे. ‘ल ओर्ला’ ही कथा त्यांनी दोनदा लिहिली. १८८६ च्या पहिल्या आवृत्तीत एक डॉक्टर आपल्या रुग्णाला काही वैज्ञानिक आणि सहव्यवसायी मंडळींसमोर उभे करतो; रुग्ण आपली हकिकत सांगतो, मंडळी ऐकतात, आणि शेवटी डॉक्टर कबूल करतो की हा मनुष्य वेडा आहे, की आपण दोघेही वेडे आहोत, की माणसाचा उत्तराधिकारी खरोखरच पृथ्वीवर आला आहे, हे आपल्याला ठरवता येत नाही. निर्णय झाला नाही, पण न्यायासन तरी होते. १८८७ च्या आवृत्तीत मोपासाँ यांनी ते सारे काढून टाकले आणि फक्त रोजनिशी ठेवली. निवेदकाच्या खोलीतले पाणी रात्री कोणीतरी पिते. ते आपणच झोपेत पीत असू, ही शंका त्याला स्वतःलाच येते, म्हणून तो बाटल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळतो, तोंडे दोऱ्याने बांधतो, आपल्या ओठांना आणि हातांना काळे शिसे चोळतो आणि झोपी जातो. सकाळी कापडावर डाग नाही आणि बाटल्या रिकाम्या. प्रयोगाची आखणी उत्तम आहे. मात्र प्रयोग करणारा, ज्याच्यावर करायचा तो आणि निरीक्षणे नोंदवणारा, तिघेही एकच आहेत. मोपासाँ १८९३ मध्ये मनोरुग्णालयात वारले, म्हणून ही कथा म्हणजे त्यांच्या आजाराची नोंद, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. जो लेखक वर्षभरात कथा पुन्हा हाती घेऊन न्यायाधीशांची संपूर्ण फळी विचारपूर्वक हटवतो, तो कारागिरी करीत असतो.

शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या १८९२ मधील ‘द यलो वॉलपेपर’पाशी आले की माझी वकिली तटस्थता थोडी कमी होते. प्रसूतीनंतर खचलेल्या एका स्त्रीला तिचा डॉक्टर पती विश्रांतीच्या उपचारासाठी एका भाड्याच्या वाड्यात, वरच्या खोलीत ठेवतो. लिहायचे नाही, कसलेही काम करायचे नाही, उत्साही माणसांत मिसळायचे नाही. ती लपवून लिहिते, आणि आपण वाचतो ते तेच. खोलीत खिडक्यांना गज आहेत, भिंतींत कड्या आहेत, पलंग जमिनीला ठोकून बसवलेला आहे; तिचा अंदाज, येथे पूर्वी मुलांची खोली असावी. वाचक दुसराच अंदाज बांधतो. भिंतीवर खालच्या बाजूने खोलीभर फिरणारा एक ओरखडल्यासारखा पट्टा तिला दिसतो आणि तो कोणी केला असेल याचे ती नवल करते. शेवटी ती गुडघ्यांवर रांगत फिरते तेव्हा तिचा खांदा त्या पट्ट्यात नेमका बसतो. पलंगाचे लाकूड कोणीतरी कुरतडलेले आहे अशी नोंद ती करते आणि पुढे रागाने स्वतःच त्याचा तुकडा चावून काढते. हा पंचनामा कोणाच्या कृत्यांचा? आधी येथे बंद असलेल्या एखाद्या स्त्रीच्या, की तिच्याच, ज्यांची तिला आठवण नाही? गिलमन यांनी स्वतः असे विश्रांती-उपचार भोगले होते, आणि त्या उपचारांसाठी ख्यातनाम असलेले डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांचे नाव कथेतच येते.

कागदामागे एक बाई अडकली आहे, ही तिची साक्ष मी स्वीकारत नाही. पण पती तिचे म्हणणे हसण्यावारी नेतो, तिच्या बोलण्यापूर्वीच निष्कर्ष काढतो, ही तिची साक्ष मी शब्दशः स्वीकारते, आणि दाणे-फोलपटांचे ते तत्त्व मला साहित्यात इतके उपयोगी क्वचितच पडले आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. त्याचा आधार घेऊन केलेले अर्ज वाचताना मला ही कथा आठवते, कारण एकदा ‘हिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे’ हे वाक्य कागदावर आले की त्यानंतर तिने सांगितलेली साधी गोष्टसुद्धा लक्षण म्हणून वाचली जाऊ लागते. कायद्याला पुरावा लागतो हे खरे. पण कुजबुजीला लागत नाही.

शर्ली जॅक्सन यांच्या १९६२ मधील ‘वुई हॅव ऑलवेज लिव्ह्ड इन द कॅसल’ची अठरा वर्षांची मेरीकॅट मात्र खोटे बोलतच नाही. साखरेत आर्सेनिक घालून घरातील बहुतेकांना मारल्याच्या आरोपातून तिची थोरली बहीण कॉन्स्टन्स निर्दोष सुटलेली असते, आणि न्यायालयाचा तो निकाल बरोबरच होता. फक्त त्या रात्री शिक्षा म्हणून उपाशी झोपायला पाठवलेल्या धाकट्या मुलीला योग्य प्रश्न कोणी विचारला नाही. मेरीकॅट आपल्याला आपल्या आवडीनिवडी, पुरलेल्या वस्तू, मांजर, सर्व काही प्रेमाने सांगते. आपणही विचारत नाही.

आपल्या जवळच्या परंपरेत या कलेचे मर्म रवींद्रनाथ ठाकुरांना उमगले होते. १८९५ च्या ‘क्षुधित पाषाण’मध्ये बारीच येथे कापसावरील महसूल गोळा करणारा एक अधिकारी, गाडीची वाट पाहताना, ओसाड महालातील आपले अनुभव सांगतो. त्या महालाभोवती मेहेर अली नावाचा एक वेडा ‘तफात जाओ, सब झूठ है’ (दूर व्हा, सगळे खोटे आहे) असे ओरडत फिरत असतो; शहाणा साक्षीदार भ्रमात आणि वेडा साक्षीदार प्रतिज्ञेवर, अशी ती उलटी मांडणी. रहस्य उलगडणार एवढ्यात गाडी येते, सांगणारा पहिल्या वर्गात चढतो, ऐकणारे दोघे दुसऱ्या वर्गात. त्यांतील थिऑसॉफिस्ट, म्हणजे गूढ शक्ती मानणाऱ्या, नातलगाला सर्व खरे वाटते, दुसऱ्याला सर्व थाप वाटते, आणि त्या एका मतभेदावरून दोघांचे संबंध कायमचे तुटतात. द्विसदस्य खंडपीठात मतभेद झाला तर प्रकरण तिसऱ्या न्यायाधीशाकडे जाते. येथे तिसरा म्हणजे वाचक, आणि त्याच्यापुढे कागद अर्धवट.

तीन वर्षांनी लिहिलेल्या ‘मणिहारा’त त्यांनी एक पाऊल पुढे टाकले आणि श्रोत्याला उलटतपासाचा अधिकार देऊन पाहिला. पडक्या घाटावर एक शाळामास्तर अनोळखी माणसाला फणिभूषण साहा याची गोष्ट सांगतो: दागिन्यांत जीव गुंतलेली पत्नी मणिमालिका नाहीशी होते, मग रात्री दागिन्यांनी मढलेला सांगाडा घरात येतो, आणि त्याच्या मागोमाग नदीत उतरलेला फणिभूषण पाण्यात बुडतो. गोष्ट संपल्यावर मास्तर विचारतो, यावर आपला विश्वास बसतो का? श्रोता उलट त्यालाच विचारतो. मास्तर आपला विश्वास का बसत नाही याची कारणे सांगू लागतो, तोच श्रोता त्याला थांबवून म्हणतो की दुसरे कारण असे, माझेच नाव फणिभूषण साहा. मास्तर जराही ओशाळत नाही. माझा अंदाज बरोबर होता तर, असे म्हणून तो उलट प्रश्न करतो, आपल्या पत्नीचे नाव काय होते? उत्तर येते, नृत्यकाली.

एवढ्यावर रवींद्रनाथांनी साक्ष संपवली आहे. हा माणूस फणिभूषणच असेल, तर गोष्टीत बुडालेला माणूस घाटावर बसून स्वतःची हकिकत ऐकतो आहे. आणि पत्नीचे नाव जुळत नाही, म्हणजे एकतर मास्तरने सारे रचले आहे किंवा श्रोत्याने नाव तरी खोटे सांगितले आहे. माझ्या हाती हा साक्षीदार असता तर पुढचा प्रश्न मी नाव कोणते, हा विचारला नसता. नृत्यकालीकडे दागिने होते काय, एवढेच विचारले असते.